पिकतं इथे, मुरतं तिथे

मारेगाव तालुक्यात दिवाळी होते ती सोयाबीनच्या पैशावर. मृग-आर्द्राच्या पावसावर पेरलेलं पीक शंभरेक दिवसांत पिवळं पडतं, पानं झडतात, शेंगा वाळून खुळखुळायला लागतात आणि दसऱ्याच्या आगेमागे सगळ्या शिवारात सोंगणीची घाई उडते. परतीचा पाऊस डोक्यावर असतो. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर एकराचा गुत्ता ठरतो. सोंगलेल्या झाडांची गंजी ताडपत्रीखाली झाकायची, हडंब्याचा नंबर लागला की अर्ध्या रात्री उठून माल काढून घ्यायचा, कुटार एका बाजूला, दाणे एका बाजूला. सकाळी पोती ट्रॅक्टरवर चढतात आणि मारेगावच्या नाहीतर वणीच्या बाजार समितीचा रस्ता धरतात. कपाशीची वेचणी तेव्हा कुठे सुरू होत असते आणि तूर जानेवारीशिवाय हाती लागत नाही. म्हणून कृषी केंद्राची उधारी, किराण्याचं खातं, पोरांचे कपडे, लेकीबाळींची भाऊबीज हे सगळं या पोत्यांतूनच निघतं.

एवढ्या धांदलीत एक गोष्ट मात्र होत नाही. त्या ढिगातलं पायलीभर सोयाबीन कोणी चुलीकडे नेत नाही. तूर विकली तरी वर्षाची डाळ घरात राहते. हरभरा विकला तरी बेसनापुरता उरतो. गहू तर आधी घरचा काढून ठेवतात आणि मग राहिलेला विकतात. सोयाबीन तेवढं सगळंच्या सगळं जातं. काही पोती मागे राहिली तर ती बियाण्यासाठी, किंवा भाव चढेल या आशेनं. महिन्या-दोन महिन्यांनी तेच सोयाबीन घरात परत येतं ते तेलाच्या पिशवीतून आणि सोयावडीच्या पाकिटातून, दुकानदाराच्या भावानं.

हाच दाणा कोरियात घराघरात मुरवला जातो आणि रोजच्या जेवणात येतो. तिथल्या एका साध्या रश्श्याची ही गोष्ट आहे. ती मारेगावच्या वाचकाला सांगावी असं मनापासून वाटतं, कारण त्या रश्श्यात जे पडतं त्यातलं सर्वांत महत्त्वाचं आपल्या वावरात आहे.

फोडणीविना शिजणारा रस्सा

कोरियात सोयाबीन आंबवून केलेल्या गोळ्याला द्वेनजांग म्हणतात. रंग गडद तपकिरी, पोत जाडसर, मध्ये अर्धवट ठेचलेले दाणे दिसतात. वास उग्र, पहिल्यांदा डबा उघडणाऱ्याला मागे सारणारा. या गोळ्याचे दोन मुख्य प्रकार ताटात येतात. पातळ केलं तर द्वेनजांग-गुक. त्यात कोबी, पालक, मुळ्याचा वाळवलेला पाला असं काहीतरी एखादं पडतं. दाट, भाज्यांनी भरलेलं केलं तर द्वेनजांग-च्चिगे. ते तुकबेगी नावाच्या जाड मातीच्या भांड्यात शिजतं आणि त्याच भांड्यात उकळतं ठेवून ताटांच्या मधोमध मांडलं जातं. आपल्याकडे वरणाचं जे स्थान, तेच तिथे याचं. पाहुण्यांसाठी खास म्हणून कोणी ते करत नाही, पण परदेशी गेलेला कोरियन माणूस घराची आठवण काढतो तेव्हा बहुधा याचंच नाव घेतो.

करायची रीत मराठी स्वयंपाकघराला चकित करणारी आहे, कारण तिच्यात फोडणी नाही. तेल तापवणं नाही, मोहरी तडतडणं नाही, मसाला परतणं नाही. भातासाठी तांदूळ धुतले की पहिलं पाणी टाकून देतात, दुसरं-तिसरं दुधट धुवण बाजूला ठेवतात. त्या धुवणात सुकवलेले छोटे मासे आणि समुद्रातल्या शेवाळाची एखादी पट्टी टाकून उकळी आणतात. मासे आणि पट्टी काढून टाकली की उरलं ते सार. देवळांतल्या भिक्षुणी मासे वापरत नाहीत, त्यांचं सार शेवाळ आणि वाळलेल्या अळंब्यांवर होतं. मग त्या सारात चमचा-दोन चमचे द्वेनजांग गाळणीतून घासून सोडायचं, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. बटाट्याच्या फोडी आधी, कांदा आणि कोवळ्या दोडक्यासारखी एक भाजी त्यामागून, सोयापनीराचे तुकडे शेवटी, आणि उतरवताना हिरवी मिरची व कांद्याची पात. मीठ वेगळं घालत नाहीत, ते गोळ्यातच पुरेसं असतं. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं.

एवढ्या थोड्या सामग्रीत चव येते कुठून? आपण चव बांधतो ती तेलात आणि मसाल्यात. विदर्भात तर सुकं खोबरं, खसखस, तीळ, धने काळपट होईतो भाजल्याशिवाय रश्श्याला रस्सा म्हणत नाहीत. कोरियन बाईनं ते काम आधीच करून ठेवलेलं असतं, पंधरा मिनिटांपूर्वी नव्हे, वर्ष-दोन वर्षांपूर्वी. सोयाबीनमध्ये जवळपास चाळीस टक्के प्रथिनं असतात. जिवाणू आणि बुरशी महिनोन्महिने ती फोडत राहतात आणि त्यातून ग्लुटामिक आम्लासारखी अमिनो आम्लं मोकळी होतात. मांसाच्या रश्श्याला किंवा पिकल्या टोमॅटोला जी भरीव, जिभेवर रेंगाळणारी चव असते ती याच ग्लुटामेटची. टोकियोच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं १९०८ साली समुद्री शेवाळातून ती वेगळी काढून दाखवली. कोरियातल्या आजीला ग्लुटामेट माहीत नव्हतं, पण ते तयार कसं करायचं हे तिच्या हाताला ठाऊक होतं.

मेजू, मीठ आणि ऊन

द्वेनजांग करण्याचं काम सुगीनंतर, हिवाळ्याच्या तोंडावर सुरू होतं. रात्रभर भिजवलेलं सोयाबीन मोठ्या कढईत तासन्‌तास शिजवतात. शिजलं की नाही याची परीक्षा अशी, की दाणा अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये धरून दाबला तर सहज चिरडला पाहिजे. करंगळीत जोर कमी असतो, म्हणून तीच निवडलेली. मग उखळात कुटून त्याच्या विटेएवढ्या चौकोनी वड्या थापतात. या वडीला मेजू म्हणतात. वरून थोडी वाळली की भाताच्या पेंढ्याच्या दोरीनं बांधून ती वळचणीला नाहीतर उबदार खोलीत टांगतात.

पेंढा इथे केवळ दोरी म्हणून नसतो. भाताच्या पेंढ्यावर बॅसिलस सबटिलिस नावाचे जिवाणू असतातच, ते मेजूत उतरतात. हवेतली बुरशी वरून चढते. महिना-दोन महिन्यांत वडीला भेगा पडतात, आत तपकिरी रंग चढतो, अंगावर पांढरट-पिवळट लव दिसते आणि खोलीभर वास भरतो. मग ती घासून-धुऊन उन्हात कडक वाळवायची.

पुढचं काम चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यात, थंडी असताना. ओंग्गी म्हणजे मातीचे मोठे, सच्छिद्र रांजण. त्यात मेजू रचायच्या आणि वरून मिठाचं पाणी ओतायचं. पाणी किती खारट असावं हे मोजायला जुन्या घरांत काटा-वजन नसे. पाण्यात कच्चं अंडं सोडायचं. ते तरंगून त्याचा नाण्याएवढा भाग वर दिसला की मीठ बरोबर. अंडं बुडालं तर मीठ वाढवायचं. मग त्यात लाल सुक्या मिरच्या, बोरासारखी सुकी फळं आणि पेटते कोळसे टाकतात. कोळसा वास शोषतो, मिरची किडीला लांब ठेवते, आणि दोन्ही मिळून दृष्ट काढतात अशी श्रद्धा. रांजणाच्या गळ्याभोवती मिरच्या-कोळसे ओवलेली गवताची दोरी बांधायची, कुठे कुठे पोटावर कागदाचा उलटा मोजा चिकटवायचा. करायला मुहूर्तही लागतो, घोड्याचा दिवस शुभ मानतात.

रांजण ठेवायला परसात किंवा गच्चीवर एक उंच ओटा असतो, भरपूर उन्हाचा आणि वाऱ्याचा. ऊन पडलं की झाकणं उघडायची, आभाळ भरून आलं की धावत जाऊन झाकायची. चाळीस-साठ दिवसांनी रांजणातलं पाणी काळंभोर होतं. ते उपसून वेगळं करतात, तो सोयासॉस, म्हणजे गानजांग. खाली उरलेला मेजूचा लगदा कुस्करून, मीठ लावून पुन्हा रांजणात दाबतात. सहा महिने, वर्ष, तीन वर्षं तो मुरत राहतो. तेच द्वेनजांग. एका दाण्यापासून, एका खटाटोपात, दोन वस्तू.

हा खटाटोप का, हे समजून घेतलं पाहिजे, कारण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. सोयाबीन हा आडमुठा दाणा आहे. कच्चा खाल्ला तर पचत नाही, कारण त्यात प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो. दळला-भरडला की त्याला हिरवट, कच्च्या शेंगेचा वास येतो. तुरीसारखा तो शिजून मऊ, गोडसर होत नाही, घोटला तरी वरण होत नाही. कोरियन, चिनी आणि जपानी घरांनी या एकेका अडचणीला एकेक उत्तर काढलं. तासन्‌तास शिजवण्यानं पचन अडवणारा घटक मोडतो. बुरशी आणि जिवाणू प्रथिनं फोडून देतात आणि कच्चा वास घालवतात. मीठ त्याला वर्षानुवर्षं टिकवतं. द्वेनजांगची सगळी कृती म्हणजे या दाण्याच्या खोडी ओळखून त्याच्याशी केलेला संसार आहे.

राजाच्या आहेरापासून युनेस्कोपर्यंत

हा संसार फार जुना आहे. कोरियाचा जुना इतिहासग्रंथ 'सामगुक सागी' ११४५ साली तयार झाला. त्यात इसवी सन ६८३ मधल्या एका विवाहाची नोंद आहे. सिल्ला राज्याच्या सिनमुन राजानं वधूकडे जो आहेर पाठवला त्यात तांदूळ, मद्य, तेल आणि मध यांच्या बरोबरीनं आंबवलेल्या सोयाबीनचे पदार्थ होते. मुरवलेला सोयाबीन तेव्हाही राजघराण्याच्या आहेरात शोभणारी वस्तू होती.

कोरियन सरकारनं २०१८ साली हे मुरवण्याचं ज्ञान राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पॅराग्वेच्या असुन्सियोन शहरात भरलेल्या बैठकीत युनेस्कोनं त्याची मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. कोरियातल्या किमची घालण्याच्या सामूहिक प्रथेची नोंद त्याआधी २०१३ मध्येच झाली होती. २०१७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प सोलला आले, तेव्हा राजभोजनात वापरलेला सोयासॉस ३६० वर्षं जुना असल्याची बातमी जगभर झाली. तो दाम्यांगच्या की सून-दो यांच्या घरातला होता. जुन्या रांजणातलं थोडं राखायचं, त्यात दर काही वर्षांनी नवं मिसळायचं, आणि ते पुढच्या सुनेच्या हाती द्यायचं, अशी ती परंपरा. सासूकडून सुनेकडे दागिने जातात तसा तिथे रांजण जातो.

मारेगावच्या शेतकऱ्यानं ऐकावी अशी गोष्ट मात्र राजभोजनाची नाही, पाजूची आहे. उत्तर कोरियाच्या सीमेला लागून असलेल्या या भागातलं जांगदानचं सोयाबीन प्रसिद्ध. १९१३ साली कोरियात शिफारस झालेलं सोयाबीनचं पहिलं वाण जांगदानचंच. कोरियन युद्धानंतर हा टापू सैन्याच्या पहाऱ्यात गेला, तरी शेती राहिली. १९९७ पासून तिथे दर नोव्हेंबरात सोयाबीनची जत्रा भरते. शेतकरी पोती मांडून बसतात आणि शहरातली कुटुंबं येऊन घरी मेजू घालण्यासाठी दाणा पारखून नेतात. कोरियाला लागणारं बहुतेक सोयाबीन परदेशातूनच येतं, आणि कारखान्यात होणाऱ्या स्वस्त द्वेनजांगमध्ये गव्हाचं पीठही असतं. तरीही आपल्या मातीतल्या दाण्याला चार पैसे जास्त मोजणारं गिऱ्हाईक तिथे आहे, कारण तो दाणा कशाला लागतो हे गिऱ्हाइकाच्या जिभेला कळतं. मारेगावच्या बाजारात सोयाबीनचा ढीग पाहणारा व्यापारी ओलावा, माती आणि डागी दाणा पाहतो. चव तो पाहत नाही. तेलाच्या कारखान्याला चव लागत नाही.

ज्वारी गेली, तिच्या जागी काय आलं

सोयाबीन आपल्याकडे नवं आहे, पण वाटतं तितकं नवं नाही. मारेगाव तालुक्याला वर्धा नदी लागून आहे, आणि त्याच नदीचं नाव असलेल्या शहरात, मगनवाडीत, १९३५ साली गांधीजींनी सोयाबीन जेवणात आणण्याचे प्रयोग केले आणि 'हरिजन'मधून त्यावर लिहिलं. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ नुकताच, डिसेंबर १९३४ मध्ये, स्थापन झाला होता. जे. सी. कुमारप्पा तिथे होते. गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिनं कशी येतील हा त्या मंडळींचा प्रश्न होता. त्याच सुमारास बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यातही सोयाबीनची खटपट चालू होती. १९३६ साली एफ. एस. काळे यांनी सोयाबीनची लागवड, त्याचे आहारगुण आणि पाककृती यांवर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे महाराष्ट्राच्या परिसरात सोयाबीनचं पहिलं पाऊल स्वयंपाकघराच्या दिशेनं पडलं होतं.

पण ते तिथे टिकलं नाही. साठीच्या दशकात अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाच्या साथीनं जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी नवी वाणं आणली. मध्य प्रदेशात तेलाचे कारखाने उभे राहिले आणि सोयाबीन त्या कारखान्यांचा कच्चा माल झालं. पुढे ते सातपुडा ओलांडून विदर्भात उतरलं. १९९४ च्या जेएस ३३५ या वाणानं तर शिवारं पिवळी केली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानंही सुवर्ण सोया, अंबा अशी आपली वाणं दिली. पीक लवकर येतं, दिवाळीला पैसा देतं, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देतं, तुरीसोबत आंतरपीक म्हणून बसतं. शेतकऱ्यानं ते घेतलं यात त्याचं काही चुकलं नाही.

पण ते आलं ते ज्वारीच्या जागी. मूग-उडदाच्या जागीही आलं. ज्वारी होती तेव्हा तिची भाकर होती, कण्या होत्या, आंबील होती, हुरडा होता आणि बैलांना कडबा होता. ज्वारी कमी झाली तशी पाखरं आणि रानडुकरं उरलेल्या एखाद-दुसऱ्या तुकड्यावर तुटून पडू लागली, म्हणून तीही पेरणं परवडेना. माणसाच्या आणि जनावराच्या तोंडचं पीक गेलं, आणि त्या जागी असं पीक आलं ज्याला घरात कोणी तोंडच लावत नाही. जगात ज्या दाण्यावर अर्ध्या आशियानं आपली चव उभी केली, तो आपल्या वावरात खाण्याचा दाणा म्हणून आलाच नाही. कृषी सहायकानं पेरणीचं अंतर सांगितलं, बीजप्रक्रिया सांगितली, चक्रीभुंग्याची फवारणी सांगितली. शिजवायचं कसं हे सांगायला कोणी आलं नाही. एकाही सासूनं सुनेला ते शिकवलं नाही, कारण सासूलाच ते ठाऊक नव्हतं.

जे पीक फक्त विकण्यासाठी असतं त्याचा धनी बाजार असतो. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं. त्याच महिन्यात केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, आणि शेतकऱ्याचा नवा माल बाजारात येईतो दर जवळपास निम्म्यावर आले. २०२३ मध्ये पिवळ्या मोझॅकनं उभी शिवारं वाळली. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण खुल्या बाजारात त्याच्या बरंच खाली विकावं लागलं. हमीभावाच्या केंद्रावर गेलं तर ओलाव्याचा काटा, बारा टक्क्यांच्या वर एक टक्का गेला तरी माल परत. त्या नोव्हेंबरात ओलाव्याची मर्यादा पंधरा टक्के केली, पण तोवर गरजवंताचा माल कधीच विकून झाला होता. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला. म्हणजे किलोला ५३ रुपये. पुण्या-नागपुरातल्या दुकानांत कोरियाहून आलेला द्वेनजांगचा अर्ध्या किलोचा तपकिरी डबा काही शे रुपयांना मिळतो. कोरियन मालिका पाहणारी आपलीच मुलं तो आणतात. रांजणगावला एलजी आणि तळेगावला ह्युंदाई आल्यापासून पुण्यात कोरियन कुटुंबंही आहेत आणि त्यांची उपाहारगृहंही. त्या डब्यातला दाणा आणि बोटोणी-कुंभा-मार्डीच्या वावरातला दाणा जातीनं एकच आहे.

वास कोणाला येतो

सोयाबीन आंबवणं आपल्याकडे जमणार नाही, असला वास कोण सहन करील, असं कोणी म्हणेल. त्याचं उत्तर कोरियात शोधायची गरज नाही, ते भारतातच आहे. सिक्कीम-दार्जिलिंगकडे किनेमा, मणिपुरात हवाइजार, मेघालयात तुंगरिंबाई, नागालँडात अखुनी, मिझोराममध्ये बेकांग. ही सगळी शिजवून आंबवलेली सोयाबीनच आहेत. दाणा शिजवायचा, पानांत गुंडाळून चुलीजवळ उबेला ठेवायचा, दोन-तीन दिवसांत तो चिकट, तार सुटणारा होतो. कोरियातही असाच एक झटपट प्रकार आहे, चंगुकजांग. सासुके नाकाओ या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञानं हिमालयापासून जपान-जावापर्यंत पसरलेला हा सगळा पट्टा एका त्रिकोणात मांडून दाखवला होता.

या वासाची किंमत त्या लोकांनी मोजली आहे. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली, त्यात अखुनी आणि बांबूच्या कोंबांसारखे वासाचे पदार्थ शेजारच्यांना त्रास न होता शिजवावेत असा सल्ला होता. भाड्याच्या खोलीत स्वतःच्या आईच्या हातची चव लपूनछपून शिजवावी लागणं हा मोठा अपमान आहे, आणि 'अखुनी' या २०१९ च्या हिंदी चित्रपटाचा विषयही तोच आहे. आपल्या आठवडी बाजारात सुकट-बोंबील, झिंगे उघड्यावर विकले जातात, आणि त्यांच्या वासावरूनही आपल्याकडे माणसांची वर्गवारी झालेली आहे. वासाला नाक मुरडण्याआधी तो वास कोणाच्या घरातून येतो म्हणून आपण नाक मुरडतो, हे स्वतःला विचारलं पाहिजे.

मारेगावच्या हवेला ईशान्येची ही रीत द्वेनजांगपेक्षा जवळची आहे. कोरियात मेजू घालतात ती गोठवणाऱ्या थंडीत, आपल्याकडे उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. त्यामुळे रांजण आणून मांडले की झालं, असं म्हणता येणार नाही. बुरशीच्या बाबतीत तर अंदाजपंचे काम नकोच. विषारी बुरशीही धान्यावर वाढते. हे काम अन्नशास्त्राच्या विभागांनी, कृषी विज्ञान केंद्रांनी आणि बचत गटांच्या बायांनी एकत्र बसून करायचं आहे. पण आपल्या हातांना हे सगळंच परकं आहे असंही नाही. कुरडईसाठी तीन-तीन दिवस गहू आंबवणाऱ्या, कोहळ्याच्या वड्या छतावर वाळवणाऱ्या, लोणच्याला नेमकं किती मीठ लागतं हे नजरेनं ओळखणाऱ्या बाया प्रत्येक घरात आहेत. आभाळ आलं की वाळवण उचलायला धावणं त्यांना कोणी शिकवायला नको. कोलामांच्या पोडांवर मोहफूल सुकवण्या-साठवण्याचं ज्ञान आहे. पहिल्या पावसात तरोट्याची भाजी खुडणारी माणसं आणि वसंतात रानभाजी खुडून द्वेनजांगच्या रश्श्यात टाकणारी माणसं एकमेकांना सहज समजतील.

घरातून सुरुवात

सोयाबीन खाल्लं म्हणून हमीभाव मिळणार नाही. कर्ज फिटणार नाही. दराचा प्रश्न धोरणाचा आहे, तो सरकारनंच सोडवला पाहिजे आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. माझं म्हणणं वेगळं आणि त्याच्या जोडीचं आहे. पीक शेतकऱ्याचं होतं ते त्याच्या घरात शिरल्यावर. तुरीचा भाव पडतो तेव्हा शेतकरी कळवळतो, पण निदान वर्षभराची डाळ त्याच्या कणगीत असते. सोयाबीनचा भाव पडतो तेव्हा त्याच्याकडे काहीच उरत नाही. दाण्याचा उपयोग माहीत असलेला माणूस त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतो आणि बाजारातही वेगळ्या ताठ्यानं उभा राहतो. पाजूच्या जत्रेतल्या शेतकऱ्यात आणि मारेगावच्या ओट्यावरच्या शेतकऱ्यात हाच फरक आहे.

सुरुवात द्वेनजांगपासून करायची गरजही नाही. खायला घ्यायचं ते शेतातून काढलेलं साधं सोयाबीन. औषध चोळलेलं, रंगीत बियाण्याचं सोयाबीन चुकूनही खायचं नाही. ते निवडून, उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळायचं, पाणी काढून टाकायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं हीच रीत वर्षानुवर्षं सांगितली आहे. एवढ्यानं कच्चा वासही जातो आणि पचनाला अडवणारा घटकही मोडतो. मग दहा किलोच्या दळणात नऊ किलो गहू किंवा ज्वारी आणि एक किलो हे सोयाबीन. भाकरीची चव बदलत नाही, आणि वाढत्या पोरांच्या, गरोदर बाईच्या ताटात प्रथिनं येतात. पुढची पायरी सोयापनीर. त्याच्या पुढची, जिथे शिकवणारा असेल तिथे, आंबवण्याची.

गांधीजींनी वर्ध्यात जे अर्धवट सोडलं ते पूर्ण करायला नदीच्या या तीरावर आता दाण्याची कमतरता नाही. विकायला न्यायच्या पोत्यांतून यंदा एक पायली बाजूला काढावी. दरवर्षी आधी घरचं काढून मग विकायची रीत सोयाबीनलाही लागू व्हावी. कोरियानं हा दाणा ओळखायला शतकं घेतली. आपण त्याला अवघी तीस-चाळीस वर्षं ओळखतो आणि तीही फक्त बाजाराच्या काट्यावर. आता ती ओळख स्वयंपाकघरातून करून घ्यायची वेळ आहे, आणि त्यासाठी लागणारा दाणा, ऊन आणि हात मारेगावातच आहेत.